करवंदवाडीची वाट

नवे साहेब जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता म्हणाले, “किल्ला पाहिला, तळी पाहिली, कंदी पेढे खाल्ले. आता या साताऱ्यात बघण्यासारखं आणखी काय आहे हो?”

हा प्रश्न तसा कुणालाच विचारलेला नव्हता. साहेबलोक असे प्रश्न हवेत सोडतात आणि कारकूनमंडळी ते हवेतच राहू देतात, अशी कचेरीची जुनी रीत. पण हेडक्लार्क आकाराम खराडे यांच्या तोंडात त्या वेळी नेमका घास नव्हता. ते म्हणाले, “साहेब, करवंदवाडीची वाट चढला नाही, तर सातारा बघितला असं म्हणताच येणार नाही.”

“कसली वाट?”

“पायवाट. गावाच्या पश्चिमेला डोंगरावर जाते. सार्वजनिक आहे. कुणीबी जावं. वरनं जे दिसतं ना साहेब...”

इथं खराडे थांबले. थांबणं भागच होतं, कारण वरून काय दिसतं हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी नुसते डोळे मिटले आणि मान हलवली. साहेबांना वाटलं, आठवणीनं यांचा गळा दाटून आला.

“बरेचदा गेलेले दिसता.”

“मोजदाद नाही,” खराडे म्हणाले. आणि ते अगदीच खोटं नव्हतं. जे एकदाही घडलं नाही त्याची मोजदाद कोण ठेवतो?

खराड्यांवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. ते इस्लामपूरकडचे. काळ्या सपाट रानात वाढलेले. त्यांच्या गावी सगळ्यांत उंच वस्तू म्हणजे उसानं भरलेली बैलगाडी. बदली होऊन साताऱ्यात आल्यापासून रोज सकाळी परसात राखुंडीनं दात घासताना त्यांच्या समोर तो डोंगर असायचा. त्याच्या अंगावरून एक तांबडी बारीक रेघ वळणं घेत वर जायची आणि माथ्यापाशी एकदम नाहीशी व्हायची. कधी त्या रेघेवर मुंगीएवढं कुणीतरी हलताना दिसायचं. खराडे बोट तोंडात ठेवून बघत राहायचे. वर काय असेल? मग आतून शालूबाईंची हाक यायची, “आवं, दात घासताय का डोंगर घासताय?” आणि तो प्रश्न चूळ भरून टाकावा लागायचा. म्हणजे वाट त्यांनी चढलेली नव्हती, पण डोळ्यांनी ती इतक्यांदा झिजवली होती की आपण गेलोच आहोत असं त्यांना आतून वाटत असे.

साहेब म्हणाले, “मग येत्या रविवारी जाऊ. तुम्ही वाटाड्या.”

साहेब, म्हणजे टिळेकरसाहेब, पुण्याचे, उत्साही आणि वक्तशीर. ते एकदा जाऊ म्हणाले की जावंच लागे.

घरी येऊन खराड्यांनी ही बातमी शालूबाईंना हळूच सांगितली. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून हळूच. पण त्या वसाहतीतल्या भिंती अशा होत्या, की पलीकडे कुणी फोडणीत मोहरी जास्त टाकली तरी अलीकडे ठसका लागे. ताटावरून उठून हात धुवायच्या आत मानसिंग सुभेदार दारात हजर झाले. सुभेदार पलटणीतून निवृत्त होऊन आले होते, पण पलटण त्यांच्यातून निवृत्त झालेली नव्हती.

“खराडे, किती जवान?”

“जवान कुठले? मी, साहेब, कचेरीतले चारपाच जण.”

“राशन? पाणी? पुढं स्काउट कोण? मागं कोण? पहाडी इलाका हाय गड्या. मी लडाखला होतो. असं चालत न्हाई. मी येतो.”

सुभेदारांच्या मागोमाग शेजारच्या चंद्राबाई आल्या. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि बजावलं, की डोंगरात पाण्यापाशी साती आसरा असत्यात, पुरुषमाणसांना लय नादाला लावत्यात, तवा हळदकुंकू घेऊन बरोबर बाईमाणूस असलंच पायजे. शिवाय पितरांचा पंधरवडा चालू, नवं काम काढूच नये. पण काढलंच आहे, तर त्या स्वतःही येणार होत्या. मग शालूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “मंडई आन् दवाखाना सोडून लग्न झाल्यापासनं मला कुठं न्हेलंय का? मीबी येणार.”

खराडे मनात एवढंच म्हणत होते, की सगळ्यांनी खुशाल यावं, पण एकानं तरी वाट माहीत असलेला यावा.

असा कुणी निघाला नाही. उलट एकजण म्हणाला, ती वाट जंगलखात्याच्या जागेतून जाते, परवानगी लागेल. दुसरा म्हणाला, नगरपालिकेची आहे. खराडे सरकारी माणूस. परवानगी हा शब्द कानावर पडला की त्यांचे पाय आपोआप कचेरीकडं वळत. एका कचेरीत त्यांना सांगण्यात आलं, की वाटेच्या दोन्ही बाजूंची झाडं आमची, मधली वाट आमची नव्हे. दुसऱ्या कचेरीत कळलं, की गावाची हद्द पहिल्या ओढ्यापाशी संपते, पुढची वाट कुठंही जावो. तिसऱ्या कचेरीतल्या म्हाताऱ्या कारकुनानं नकाशा पसरला आणि एका तुटक रेघेवर नख ठेवलं. “ही बघा. आहे. पण तुटक रेघ आमच्याकडं असते ती नुसती असते. तिला माणूस नेमलेला नसतो.”

“म्हणजे ती कुणाचीच नाही?”

“कुणाचीच नाही म्हणजे सगळ्यांची. जावा की.”

खराड्यांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी कचेरीत ‘जावा की’ म्हटलं होतं. ते इतके भांबावले, की आणखी कुठंतरी परवानगी लागतच असणार असं त्यांना वाटायला लागलं. आणि ती लागत होती. साल शहात्तर होतं. आणीबाणी चालू होती. चार माणसं कोपऱ्यावर उभी राहून पाऊसपाण्याचं बोलायला लागली, तरी पाचवा माणूस लांबून वळसा घालून जायचा. सुभेदारच म्हणाले, “जमावबंदी हाय खराडे. ठाण्यावर सांगून ठेवा.”

ठाण्यावरच्या जमादारांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला.

“कशासाठी जमताय?”

“डोंगर चढायला.”

“वर काय आहे?”

हाच तो प्रश्न. खराडे म्हणाले, “वर... माथा आहे.”

“माथ्यावर काय कार्यक्रम?”

“काही नाही. बघायचं.”

“बघून?”

“उतरायचं.”

जमादारांनी पेन खाली ठेवलं. “खराडे, तुम्ही सरकारी नोकर. या दिवसांत असं बोलू नका. काही कारण नसताना माणूस डोंगर चढतो का? सभा म्हणा, देवदर्शन म्हणा, झाडं लावा, काय वाटेल ते करा. पण नुसतं बघायचं हे मी लिहू कुठं?”

शेवटी त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर ‘मिरवणूक, घोषणांशिवाय’ असं लिहिलं आणि सोबत बंदोबस्ताला एक शिपाई दिला. शिपायाचं नाव गुंडा. नावाचा आणि स्वभावाचा काही संबंध नव्हता. अंगानं भरभक्कम, बोलायला मऊ. आपल्याला डोंगरावर जायचं आहे हे कळल्यावर त्यानं आपल्या पोटाकडं एकदा पाहिलं आणि म्हटलं, “व्हय साहेब.”

रविवारी सकाळी वसाहतीच्या फाटकातून मिरवणूक निघाली. पुढं शिट्टी लावलेले सुभेदार. मागं हॅट घातलेले, गळ्यात दुर्बीण अडकवलेले साहेब. त्यांच्या थर्मासची आणि कॅमेऱ्याची काळी कातडी बॅग एका कारकुनानं आदरानं छातीशी धरलेली. मग कचेरीतली मंडळी, डोक्यावर भाकरीचं गठुळं घेतलेल्या शालूबाई, हळदकुंकवाचा करंडा घेतलेल्या चंद्राबाई आणि सगळ्यांत मागं खाकी वेशात घाम पुसणारा गुंडा. वाटाड्या म्हणून खराड्यांना पुढं असायला हवं होतं. ते मधे चालत होते. मधे असलं की पुढचे जातात तिकडं जाता येतं.

पहिला चढ सुरू झाल्यावर खराड्यांना कळलं, की डोळ्यांनी झिजवलेली वाट पायांना ओळखत नाही. नव्या कॅनव्हासच्या बुटांनी दोन्ही टाचा धरल्या. छातीचा भाता असा चालू झाला, की साहेबांनी वळून विचारलं, “खराडे, काही म्हणालात?” खराड्यांनी हातानंच नाही म्हटलं. बोलायला वारा शिल्लक नव्हता. दर वळणावर ते थांबत आणि कमरेवर हात ठेवून खाली बघत, जणू एखादी खास जागा दाखवायची आहे. आणि अशाच एका वळणावर, दम घ्यायला म्हणून वळले, तर ती खरोखरच खास जागा निघाली.

खाली सातारा पडला होता. रोज मान वर करून बघायचा तो किल्ला आता समोरासमोर आला होता. त्याच्या कुशीत कौलांची दाटी, मधून देवळांचे कळस, सडकेवरून सरकणारी तांबडी येष्टी काडेपेटीएवढी. आवाज कसलाच नाही. एवढ्या गावाचा एवढा कालवा, तो सगळा खालीच राहिला होता.

“ती बगा आपली वसाहत,” शालूबाई म्हणाल्या. “ते हिरवं दिसतंय ते माझं लुगडं. वाळत घातलेलं.”

खरंच, तांदळाच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका होता. शालूबाई बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “एवढ्याशात राहून आपुन भांडतोय व्हय?”

चंद्राबाईंशी त्यांचं नळावरून आठवडाभर वाजलेलं होतं. चंद्राबाईंनी त्यांचं गठुळं आपल्या डोक्यावर घेतलं.

पुढं वाट तीन ठिकाणी फुटली. सगळे थांबले. सगळ्यांनी खराड्यांकडं पाहिलं. खराड्यांनी तिन्ही वाटांकडं पाहिलं. एक डावीकडं झाडीत जात होती, एक उजवीकडं खडकावरून आणि मधली चांगली रुंद, तुडवलेली, सभ्य दिसणारी होती. हेडक्लार्कनं अशा वेळी जे करावं तेच त्यांनी केलं. मधली निवडली.

वाट रुंद होती, कारण ती म्हशींची होती. ती तुडवलेली होती, कारण म्हशी रोज जात होत्या. आणि ती संपली एका डबक्यात, कारण म्हशींना तिथंच जायचं होतं. शिट्टी फुंकत पुढं गेलेले सुभेदार गुडघ्यापर्यंत आत गेले. त्यांना ओढायला गेलेल्या साहेबांचा एक बूट चिखलानं ठेवून घेतला. डबक्यात बसलेल्या म्हशींनी रवंथ न थांबवता हे सगळं पाहिलं.

“साहेब,” खराडे खोल आवाजात म्हणाले, “हे मुद्दाम दाखवायला आणलं. नैसर्गिक आहे.”

बूट काढायला गुंडाला आत उतरावं लागलं. त्यानं तो काढला, आपल्या रुमालानं पुसला आणि साहेबांपुढं धरला. सुभेदार मात्र मिशीतून एकच वाक्य बोलले. “खराडे, तुमी शेवटचं कवा आला हुता?” खराड्यांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. ऐकू न येणं ही कचेरीत मिळवलेली विद्या डोंगरावरही चालत होती.

मागं फिरून त्यांनी खडकाची वाट धरली. एका कातळातून थंड पाणी झिरपत होतं. चंद्राबाईंनी तिथं हळदकुंकू वाहिलं, सगळे ओंजळी भरून प्याले. आणखी चढल्यावर झाडीतून धूर दिसला, कोंबडा आरवला आणि खराड्यांच्या जिवात जीव आला. करवंदवाडी. म्हणजे वाट बरोबर आली. सुभेदारांनी आनंदानं लांबलचक शिट्टी फुंकली.

त्या शिट्टीनं घात केला.

त्या दिवसांत खेड्यापाड्यांतून कुटुंबनियोजनाची मोहीम जोरात होती. नसबंदीला माणसं नेतात, धरून नेतात, गाडीत घालून नेतात, अशा बातम्या वाडीवाडीवर पोचल्या होत्या. करवंदवाडीला जीप येत नाही म्हणून लोक थोडे निवांत होते, इतकंच. आता त्यांनी वरून काय पाहिलं? शिट्टी, खाकी पोलीस, हॅटवाला साहेब, त्याच्या गळ्यात नळीसारखं काहीतरी लटकतंय, काळी डॉक्टरी बॅग, आणि दोन बाया, म्हणजे नर्सा. जीप येत नाही म्हणून मंडळी चालत आली.

खराडे वाडीत शिरले तेव्हा तिथं माणूस नव्हतं. चुलीवर कालवण रटरटत होतं. जात्यावर अर्धं दळण तसंच. एका ओट्यावर पानतंबाखूचं ताट मांडलेलं, त्यातल्या एका पानाला अर्धाच चुना लावलेला. वाडीच्या मागं डोंगराच्या शेवटच्या चढावर धोतरं, पटके आणि लुगडी वर वर पळताना दिसत होती.

“अहो थांबा! थांबा!” साहेब ओरडले. पळणारे आणखी जोरात पळाले. सुभेदारांनी त्यांना थांबवण्यासाठी शिट्टी फुंकली. मग तर दिसेनासेच झाले.

एका दारात एक म्हातारी काठी टेकून बसली होती. तिला पळता येत नव्हतं, म्हणून ती राहिली होती. नाव धोंडुबाई. तिनं सगळ्यांकडं एकेक करून पाहिलं.

“न्या,” ती म्हणाली. “मला न्या. माझं करा काय करायचं ते.”

खराड्यांना आधी उमगलंच नाही. उमगलं तसे ते म्हातारीपुढं उकिडवे बसले. “आजी, आमी तसलं काय करायला आलो न्हाई. शप्पत. आमी फिरायला आलोय.”

“फिरायला?” म्हातारीनं गुंडाकडं बोट केलं. “पोलीस घेऊन?”

गुंडा मान खाली घालून उभा राहिला.

“माझा सोपान हाय त्यात,” म्हातारी म्हणाली. “नातू. वैशाखात लगीन झालंय त्याचं. नातसून बी संगट पळालीया, दिस ऱ्हायलेत तिला. वरच्या सड्याच्या कातळावर निसरडं हाय, कडेला दरी हाय. पोरगी कुठं पडली बिडली तर?” तिचा आवाज चिरकला. मग तो एकदम कडक झाला. “तुमी पळवलंसा, तुमीच आना.”

सगळे खराड्यांकडं बघायला लागले. तीन वाटांवर बघितलं होतं तसंच, पण आता त्या बघण्यात थट्टा नव्हती. सुभेदार पुढं व्हायला लागले, तसे खराडे म्हणाले, “सुभेदार, तुमी नको. शिट्टी नको, खाकी नको, हॅट नको. मी एकटाच जातो.” आपण हे बोललो याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. त्यांनी टाचा चावणारे बूट काढून धोंडुबाईच्या दारात ठेवले, टोपीही काढून ठेवली आणि अनवाणी, बोडक्या डोक्यानं वाट चढायला लागले.

वाट आता अगदी बारीक होती. पावलापुरती. मातीत पळालेल्या माणसांच्या बोटांचे ठसे ताजे होते आणि एका ठिकाणी फुटलेल्या हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा पडला होता. खराडे तो ओलांडून पुढं झाले. आपण जेवणाच्या सुट्टीत एक वाक्य बोललो आणि कुठली कोण पोटुशी पोरगी घर टाकून डोंगरावर पळते आहे. ते धापा टाकत, हातांनी गवत धरत चढत राहिले. वर जाऊन काय म्हणायचं ते त्यांनी मनात जुळवलं. मायबाप हो, भिऊ नका, आम्ही साधी माणसं आहोत. शेवटची पायरीसारखी कातळाची उंची होती. तिच्यावर त्यांनी हात टेकला, गुडघा टेकला आणि डोकं वर काढलं.

जुळवलेलं सगळं त्यांच्या डोक्यातून गेलं.

डोंगर तिथं संपत नव्हता. तिथं तो आडवा होत होता. नजर पोचेल तिथपर्यंत सपाट सडा, आणि त्या सड्यावर जमीन दिसत नव्हती. फुलं होती. जवळ पांढऱ्या गेंदांची, मोत्यांची पाटी कुणी उपडी केल्यासारखी. त्यापलीकडं तेरड्याचा गुलाबी पट्टा, तो वाऱ्याबरोबर एकदम एका अंगावर वळायचा आणि परत फिरायचा. त्यात सोनकीची पिवळी बेटं. आणि ओलसर कातळाच्या खळग्यांत सीतेची आसवं, जांभळी निळी, इतकी दाट की आभाळाचा तुकडा पाण्यात पडून तिथंच राहिलाय असं वाटावं. फुलं फार तर बोटभर उंचीची. कुणी लावलेली नाहीत, कुणी पाणी घातलेलं नाही. सगळीकडून बारीक गुणगुण येत होती, ती मधमाश्यांची. आणि पलीकडं, फुलं संपत होती तिथं, खाली खोल कोयनेचं पाणी, डोंगरांच्या पायांत शिरलेलं, चकाकणारं.

एवढं सगळं रोज इथं होतं. ते खाली बोट तोंडात घालून उभे असत तेव्हाही होतं.

खराडे बसले. बसायचं ठरवलं नव्हतं, पाय बसले. एका मोकळ्या कातळावर, हात मांडीवर टाकून, तोंड थोडं उघडं ठेवून ते बसून राहिले. आपण हेडक्लार्क आहोत, आपल्या टाचा सोलल्यात, आपण माणसं शोधायला आलोय, यातलं काहीही त्यांच्यापाशी नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि वाऱ्यानं येतंय म्हणावं तर वारा पाठीमागून होता.

पलीकडच्या खडकांच्या आड करवंदवाडी दबा धरून बसली होती. त्यांनी पाहिलं, एक माणूस वर आला. आता हा ओरडेल. ओरडला नाही. आता हा कागद काढेल. काढला नाही. तो बसला आणि फुलांकडं बघत राहिला. बराच वेळ गेला. खडकाआड कुजबुज सुरू झाली. कामावरचा सरकारी माणूस असा बसेल काय? आणि रडतोय कशाला?

शेवटी एक तरणा गडी जपून पुढं आला. “आवं, तुमी कोन?”

खराड्यांनी वर पाहिलं. “खराडे.”

“काय पायजेल?”

“काय न्हाई रं,” खराडे म्हणाले. मग त्यांना आठवलं. “तू सोपान का? तुझी बायको बरी हाय न्हवं? पडली न्हाई न्हवं कुठं?”

खडकामागून एका पोरीचं डोकं वर आलं. सोपान एकदम हसला. “ती माझ्याफुडं पळत हुती.”

मग एकेक करत सगळे बाहेर आले. पटके सावरत, लुगडी झटकत, थोडे लाजत, थोडे चिडलेले. खराड्यांनी हात जोडले. एका म्हाताऱ्या गड्यानं विचारलं, “खरंच नुसतं बगाय आलाय?” खराड्यांनी मान हलवली. म्हातारा सड्याकडं वळला आणि हे सगळं पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा बघत उभा राहिला. “हाय खरं लय झ्याक,” तो म्हणाला.

सोपाननं खाली हाक घातली. थोड्या वेळानं कातळाच्या कडेवर एकेक डोकं उगवायला लागलं. प्रत्येक डोकं वर येताना काहीतरी बोलत होतं आणि वर आल्यावर गप्प होत होतं. साहेबांनी हॅट काढली आणि कॅमेरा बॅगेतच राहिला. सुभेदार ताठ उभे राहिले, त्यांचा उजवा हात सलामीला निम्मा वर गेला आणि तिथंच थांबला. चंद्राबाईंनी करंडा उघडला, पण कुठं वाहावं ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी चिमूटभर कुंकू वाऱ्यावर सोडलं. शालूबाईंनी चपला काढून हातात घेतल्या आणि एकेका पावलाला जागा शोधत, फुलं चुकवत नवऱ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

मग भाकऱ्या सुटल्या. वाडीची आणि कचेरीची पंगत कातळावर एकत्र बसली. खालून कुणीतरी कालवणाचं भांडं आणलं, आणि धोंडुबाईला दोघांनी आळीपाळीनं पाठुंगळी मारून वर आणलं. गुंडा बिचारा एका बाजूला वही घेऊन बसला होता.

“काय लिहू?” त्यानं विचारलं. “काय काय घडलं ते लिवाय सांगितलंय.”

सुभेदारांनी सड्यावरून नजर फिरवली. “लिव्ह,” ते म्हणाले. “शांतता हुती.”

गुंडानं लिहिलं आणि वही मिटून टाकली.

साहेब खराड्यांशेजारी सरकून बसले. “खराडे, तुम्ही इतक्यांदा आलात. दरवेळी हे असंच असतं?”

खोटं बोलायला ही जागा फार मोठी होती. “साहेब, मी पहिल्यांदाच आलोय.”

साहेबांनी आपल्या एका बुटाकडं पाहिलं. मग म्हणाले, “म्हणजे त्या म्हशींचं...”

“चुकलं होतं.”

साहेब हसायला लागले आणि हसता हसता आडवे झाले. ते पडले ते तसेच, आभाळाकडं बघत.

परत निघायच्या वेळी कोयनेच्या अंगानं धुकं आलं. बघता बघता दरी गेली, पिवळं गेलं, गुलाबी गेलं. पांढऱ्यात पांढरे गेंदही विरून गेले आणि मग आपला हातसुद्धा दिसेना. कुणी हलू नका, सोपान ओरडला, कडा जवळ हाय, एकमेकाचा हात धरा. अंधुकात हात हात शोधायला लागले. साहेबांनी गुंडाचा धरला, चंद्राबाईंनी धोंडुबाईचा, सुभेदारांनी काळी बॅग सांभाळणाऱ्या कारकुनाचा. खराड्यांच्या हातात एक खरखरीत, ओळखीचा हात आला. माणसांदेखत तो त्यांच्या हातात कधी आला नव्हता.

पांढऱ्या त्या पोकळीत फक्त मधमाश्या चालू होत्या आणि खूप खालून, डबक्याच्या बाजूनं, एक म्हैस ओरडत होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग वारा फिरला, धुक्याला खालून फट पडली, आणि धुतल्यासारखा सगळा सडा एकदम पुन्हा समोर आला, मघापेक्षा जवळ, मघापेक्षा ओला. लोक अवघडून एकमेकांचे हात सोडायला लागले. साहेब आणि गुंडा एकमेकांकडं न बघता कपडे झटकायला लागले.

खराड्यांनीही रीतीप्रमाणं हात सोडवून घ्यायला बघितलं. तो सुटेना.

“अगं, समदी बघायल्यात,” ते पुटपुटले.

“बगू द्या,” शालूबाई म्हणाल्या. त्या बघत होत्या पलीकडं, कोयनेच्या पाण्याच्याही पलीकडं. तिथं आणखी एक डोंगर होता, निळा, आणि त्याच्या अंगावरून एक बारीक रेघ वर गेलेली होती. “आवं, त्या तिथं वर काय असंल वो?”